तांदळाएवढी कोरी जागा

१

थोरलीच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणायचे, ते साफ खोटं होतं. नाकावर असता तर एखाद्या शिंकेबरोबर गेला असता. तिचा राग राहायचा उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरात. लहानपणी दारात चेंगरून ते पेर वाकडं झालेलं, वर हाडाचं टेंगूळ आलेलं. काही मनाविरुद्ध झालं की तोंडातून ती चकार शब्द काढायची नाही. ते पेर मात्र आपोआप टेबलावर आपटायचं. टक-टक, मग जरा थांबून, टक. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. "टेबल बोलायला लागलं," असं म्हणून धाकटी खोली सोडून जायची.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी टेबल सकाळपासून बोलत होतं. त्याला कारण होतं फलक.

मैदानावर गाण्यांचं स्टेज, खाण्याच्या गाड्या, रंगीत तंबू, आणि त्यातल्या एका तंबूपुढे धाकटीने उभा केलेला माणसाच्या उंचीचा कापडी फलक. 'आईच्या हातची पारंपरिक मेंदी.' खाली आईचा हसरा फोटो. ज्या आईला शेवटची वर्षं थोरलीने उठवलं, बसवलं, भरवलं, पुसलं, त्या आईचा. धाकटी तेव्हा कुठे होती? लांबच्या शहरात, आपल्या संसारात. फोन करायची म्हणे. फोनवरून का कुणाची कूस बदलता येते? आणि सगळं आटोपल्यावर, नवऱ्याशी बिनसलं म्हणून वर्षभराच्या लेकीला कडेवर मारून परत आली, आणि लगेच आईचा फोटो चौकात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

ती लेक, ठकी, तंबूच्या मागच्या भागात पडद्याआड वेताच्या टोपलीत झोपलेली असायची. जगात थोरलीला राग येत नसे अशी ही एकच व्यक्ती. ठकीने तिचे केस ओढले, कोन चावले, भिजवलेल्या मेंदीत पाय घातला, तरी थोरली म्हणायची, "घाल बाई, घाल. तुझंच राज्य आहे." ठकीसाठीच तिने धाकटीला घरात घेतलं होतं, आणि ठकीसाठीच या उत्सवाला यायला ती तयार झाली होती.

२

काम मात्र ती तिच्याच पद्धतीने करायची. पानं घरी वाळवलेली, पूड वस्त्रगाळ केलेली, लिंबाच्या रसात भिजवून मुरवलेली, कोनही स्वतः वळलेले. गिऱ्हाईक समोर बसलं की ती चेहरा बघत नसे, हात बघे. डाव्या हातात तो तळहात धरायचा, मनगटापासून वेल उचलायची, बोटांच्या टोकांपर्यंत न्यायची, तिथून वळवून पुन्हा तळव्याच्या मधोमध आणायची, आणि टोकाला टोक भिडायच्या आधी थांबायचं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडायची.

हे आईने शिकवलेलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "मनात काही खदखदत असेल तर कोन हातात धरू नकोस. धरलासच, तर जागा सोड." थोरलीच्या मनात नेहमीच काहीतरी खदखदत असे, त्यामुळे जागा सोडायला ती कधी चुकली नव्हती.

उत्सवातली गिऱ्हाइकं निराळीच. एक हात मेंदीला, दुसऱ्या हातात फोन.

"ताई, दहा मिनिटांत होईल ना? पुढचं गाणं चुकवायचं नाहीये."

"हात आहे की भिंत, की फासला ब्रश आणि झालं? बस गुपचूप."

"ताई, इथे राहिलंय बघा, मधे."

"राहिलं नाही, सोडलंय."

"फोटोत बरं दिसत नाही पण."

टक-टक. टक.

मग धाकटी पुढे यायची, गोड हसायची. "या हं तुम्ही, आत बसा वाळेपर्यंत. मी लिंबू-साखर लावून देते." आणि गिऱ्हाइकाला पडद्याआड घेऊन जायची. थोरलीला वाटायचं, बरं झालं, निदान पोरगी थुंकी झेलायच्या तरी कामाला आली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी जमायच्या आधी, आदल्या दिवशीची एक बाई परत आली. लहान मुलांना शिकवणारी, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे. उजवा हात तिने डाव्या काखेत दाबून धरला होता.

"ताई, यात काही मिसळता का हो तुम्ही?"

"पानं, लिंबू आणि माझे कष्ट. चौथं काही नाही," थोरली म्हणाली. दिवसाच्या पहिल्या वाक्यालाच तक्रार! "आग होतेय? पुरळ आलंय?"

"नाही हो. आत वाजतंय."

थोरलीने तिचा हात ओढून घेतला. रंग चढला होता, नको इतका चढला होता, जवळजवळ काळा. तळव्याखाली आपली बोटं ठेवून ती थांबली. आणि तिच्या बोटांना लागलं. आतून. फळीच्या पलीकडून कुणी हलकेच वाजवावं तसं. मग काहीच नाही. मग आणखी एकदा.

नाडी, तिने स्वतःला समजावलं. नाडी मनगटात लागते, तळव्यात नाही, हेही तिला ठाऊक होतं. जन्म गेला होता लोकांचे हात धरण्यात. त्याच वेळी स्टेजवरच्या पोरांनी स्पीकर तपासायला घेतले आणि टेबलावरचे कोन थरथरले. तिला हायसं वाटलं.

"हे बघा, ऐका. ते भोंगे. माझ्या तर दातांत वाजतायत कालपासून."

बाई उठली नाही. "काल घरी गेले," ती म्हणाली, पत्ता सांगावा तसं. "मुलाने दुधाचा पेला सांडला. रोजच सांडतो. मी आजवर कुणावर हात उचललेला नाही हो. काल उचलला गेला. आणि थांबेना. नवऱ्याने धरून ठेवला तेव्हा थांबला."

"राग आला असेल. आईच्या जिवाला काय कमी ताप असतात?"

"तेच तर," ती बाई म्हणाली. "मला राग आलाच नव्हता."

बाईने हात पुन्हा काखेत घातला. पण तेवढ्यात थोरलीने पाहिलं होतं. तळव्याच्या मधोमध, जिथे तिने जागा सोडली होती, तिथे एक थेंब होता. नीट गोल, गुळगुळीत. जागा बुजवलेली. तो थेंब तिचा नव्हता.

४

पडद्याआड धाकटी कोन भरत बसली होती. तिच्या मांडीवर एक छोटा कोन वेगळा ठेवलेला होता, बारीक टोकाचा. टोपलीत ठकी पालथी झोपली होती.

"किती जणींच्या जागा बुजवल्यास?"

धाकटीने न कळल्याचा आव आणला नाही, हे तिचं एक बरं होतं. "सगळ्यांच्याच. ताई, अगं लोक तक्रार करतात. अर्धवट काम म्हणतात. तुझ्यासमोर बोलायची कुणाची छाती आहे का? मग मला बोलतात."

"आईने सांगितलं होतं..."

"आई, आई! आईच्या शंभर खुळ्या समजुती होत्या. त्या सगळ्या पाळायच्या का आपण?"

"आईचं नाव तुझ्या तोंडून नको. फोटो लाव, मिरव, लोकांना दाखव. नाव घेऊ नकोस. तिचा घोट अडकत होता तेव्हा तू कुठे होतीस?"

"फोनवर होते!" धाकटीचा आवाज चिरकला. "रोज करत होते फोन. तू द्यायचीस का तिच्याकडे? 'झोपली आहे.' प्रत्येक वेळी आपली झोपलेलीच! शेवटी शेवटी तर उचलायचंही बंद केलंस. मी यायला निघाले तर म्हणालीस, आता कशाला, मी आहे ना. तुला ती एकटीला हवी होती, ताई."

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. तिचं पेर कोन भरायच्या पाटावर आपटायला लागलं.

"वाजव, वाजव," धाकटी म्हणाली आणि तिने आपला उजवा हात ताईपुढे सरळ केला. "नाहीतर असं कर. काढ माझ्या हातावर. आणि बंद कर स्वतःच्या हाताने. बघू दे मला, आकाश कोसळतं की काय ते."

त्या हळू बोलणाऱ्या बाईचा हात थोरलीच्या बोटांना अजून आठवत होता. तिने कोन उचलायलाच नको होता. उठून, मैदानाला एक फेरी मारून, थंड पाण्याने तोंड धुऊन यायला हवं होतं. पण रागाला एकदा पाय फुटले की तो कुणाचा? भुतंखेतं आणि समजुती असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे तिने त्या क्षणी ठरवून टाकलं, कारण त्या क्षणी ते सोयीचं होतं.

"आण," ती म्हणाली. "भरलेला हात हवा ना तुला? भरते."

इतकी सुंदर मेंदी तिने जन्मात काढली नव्हती. रेघ कुठे थरथरली नाही. जाळी, कैऱ्या, पानं, पानांत पुन्हा पानं. मनगटावरून निघालेली वेल बोटं फिरून तळव्यात उतरली. थोरली दात-ओठ खात वाकली आणि तिने टोकाला टोक जोडलं.

"झालं समाधान?"

"झालं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. थोरलीने ते पाहिलं आणि पडदा ओढून बाहेर निघून आली.

५

उन्हं उतरायला लागली तशी रांग वाढली. स्टेजवर गाणं सुरू झालं, जमीन थरथरायला लागली. थोरली एकामागून एक हात घेत होती आणि आता सगळ्यांना जागा सोडत होती, न चुकता, जरा मोठीच. कुणी तक्रार केली तर तिच्याकडे असं बघत होती की ती पोरगी आभार मानून उठत होती.

आणि मग वीज गेली. स्टेज एकदम मुकं झालं. मैदानावर आधी ओरडा झाला, मग हशा, मग लोक आपापसात बोलायला लागले. तंबूत तर इतकं शांत झालं की कोनातून मेंदी सरकल्याचा आवाज यावा.

टक-टक.

टक.

समोर बसलेल्या मुलीने वर पाहिलं. थोरलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यात कोन होता. तिचं पेर टेबलापासून वीतभर वर होतं.

आवाज पडद्याआडून येत होता. लाकडावरचा नाही. वेतावरचा.

६

धाकटी स्टुलावर बसली होती. डाव्या हातात फोन, नजर फोनवर, कुणाला तरी काहीतरी लिहीत होती. उजवा हात बाजूला सोडलेला, टोपलीपर्यंत पोचलेला. तो हात टोपलीच्या काठावर वाजत होता. वाळलेल्या मेंदीच्या खपल्या प्रत्येक ठोक्याला सुटून ठकीच्या पांघरुणावर पडत होत्या. ठकी जागी होती. डोळे मोठे करून त्या हाताकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

"काय वाजवते आहेस?" थोरलीने विचारलं.

"मी? कुठे काय..." धाकटीने खाली पाहिलं. फोन तिच्या हातातून घसरून पडला. "ताई, हे मी नाही करत."

हात काठावरून उचलला गेला. सावकाश. आधी सरळ झाला, मग त्याची मूठ वळली. ठकीच्या बरोबर वर.

थोरलीने टोपलीच खेचली. इतक्या जोरात की ठकी आत कलंडली आणि किंचाळली. मूठ आली ती जमिनीवर. धाकटी कळवळली, पण हात पुन्हा उठला, आणि तिने तो डाव्या हाताने धरला, छातीशी घेतला, त्याच्यावर सगळी वाकली.

"लिंबू आण! मीठ आण!" ती ओरडली. "काढ गं ताई, काढ हे!"

थोरलीने घासलं. लिंबाने, मिठाने, तेलाने, शेवटी भांडी घासायच्या काथ्याने. जिने आयुष्यभर रंग चढवायचे उपाय केले, तिला रंग उतरवायचा एकही उपाय येत नव्हता. पाणी मातकट झालं, कातडी लाल झाली आणि वेल आणखी काळी झाली. तळवा गुडघ्यावर दाबून धरून ती मधोमध घासत होती, टोकाला टोक जिथे जोडलं होतं तिथे. तेव्हा तिथली कातडी वर आली.

फोड येतो तशी नाही. आतून काहीतरी टेकलं. पेराएवढं. एका बाजूला कललेलं, आणि कललेल्या बाजूला हाडाचं टेंगूळ. क्षणभर टेकलं, ठोकलं आणि मागे गेलं.

थोरलीने आपला उजवा हात पाठीमागे लपवला. कुणापासून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिला दार आठवलं. घराचं आतलं दार, तिचा इवलासा हात चौकटीवर, आणि दार ढकलणारे आईचे हात. त्या दिवशी आईचे दोन्ही हात मेंदीने भरलेले होते. भरगच्च, कुठे म्हणून कोरं नव्हतं. दार आपटल्यावर आई रडत सुटली होती, "मी नाही गं! बाळा, मी नाही!" एवढी वर्षं थोरलीला वाटत आलं होतं की दुसरं काय म्हणणार बिचारी. ती मेंदी आईला कुणी काढून दिली होती, हे तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला आई उरली होती ती बाहेर फलकावर.

७

धाकटीने स्वतःच ओढणी काढून दिली. थोरलीने तिला पुढच्या भागात आणून तो हात टेबलाच्या पायाला बांधला, मनगटापाशी, दोन गाठी मारून. धाकटी जमिनीवर बसली, टेबलाला टेकून. तिने ठकीकडे पाहिलं सुद्धा नाही.

"तिला तू घे. माझ्याजवळ देऊ नकोस."

थोरलीने ठकीला मांडीवर घेतलं. बाहेर वीज अजून आली नव्हती. गिऱ्हाइकं कंटाळून पांगली होती. कुठूनतरी, खाण्याच्या गाडीजवळून असेल, कुणीतरी पत्र्यावर वाजवत होतं. मग स्टेजच्या बाजूला कुणीतरी, बाकावर. एकाच तालात. पोरं असतील, थोरलीने मनाशी म्हटलं. गाणं बंद पडलं की पोरं असं करतात.

"रंग किती दिवस राहतो?" धाकटीने विचारलं.

"जाईल हळूहळू."

"ताई, ठोका तुझा आहे. मी तो लहानपणापासून ओळखते. तो ऐकून मी खोली सोडून जायचे ना? आता कुठे जाऊ?"

थोरलीने ठकीच्या अंगावरच्या मेंदीच्या खपल्या झटकल्या.

"मी नसते लावला गं तो फलक, तू एकदा नको म्हणाली असतीस तर. तू बोलतच नाहीस. नुसती वाजवतेस." धाकटीने डाव्या हाताने नाक पुसलं. "तुझा राग आहे ना तो? मग सोड की. माझ्यासाठी नको सोडूस. मी चुकले, मी आले नाही, सगळं कबूल. हिच्यासाठी सोड. रंग उतरेपर्यंत मी हिला जवळ घ्यायचं नाही का? अंगावर पिते गं ती अजून."

थोरलीला सोडायचा होता. देवाशपथ सोडायचा होता. ठकीचं डोकं तिच्या हनुवटीखाली होतं, घामाने ओलं, दुधाचा वास येणारं. तिने डोळे मिटले आणि आत शोधलं. धाकटीचा लहानपणचा चेहरा आणला डोळ्यांपुढे. स्वतः चुकवलेले फोन आणले, आपलाच आवाज आणला, 'झोपली आहे' म्हणणारा. आपणच चुकलो, असं स्वतःला सांगून पाहिलं. बर्फ वितळावा तसं काहीतरी तिला छातीत सैल झाल्यासारखं वाटलं. मग तिने डोळे उघडले. तंबूच्या फटीतून फलकाची मागची बाजू दिसत होती. कापडातून उलटी उमटलेली आई हसत होती.

"गेला," थोरली म्हणाली. "राग नाही आता माझ्या मनात."

"खरं?"

"अगदी खरं. ठकीची शपथ."

धाकटीचे खांदे खाली आले. कितीतरी वेळाने ती किंचित हसली. दोघी ऐकत राहिल्या. बाहेरचं वाजणंही थांबलं होतं.

टेबलाखाली ओढणी ताणली गेली.

टक-टक.

धाकटीने ताईकडे पाहिलं. ठकीने मावशीच्या मांडीवर ओठ काढला. मधली ती शांतता किती लांबते हे तिघींनाही पाठ होतं, आणि थोरलीने, तोवर काही करता येईल तर, म्हणून आपल्या दोन्ही हातांनी पोरीचे कान झाकले.

टक.